बिराजदारांचा नंबर कितवा?

हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्राच्या आजवरच्या पैलवानांत कितवे? निलंगा-लातूरकडे हा प्रश्न विचारला तर उत्तराला क्षणही लागत नाही: पहिले. कोल्हापूर-सांगलीकडे तोच प्रश्न गणपतराव आंदळकर किंवा मारुती माने यांच्या नावावर येऊन थांबतो आणि कऱ्हाडात खाशाबा जाधवांवर. चर्चा तापली की कोणी गामाचे नाव काढतो, कोणी सत्पालचे, आणि मग मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. असा वाद फक्त कुस्तीतच होतो असे नाही. मुष्टियुद्धात जो लुई, रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांच्यापैकी कोण थोर, यावर गेली पन्नास वर्षे ग्रंथ लिहिले जात आहेत. वजनदार गटात आपला काळ गाजवलेल्या माणसाला इतिहासात कितवे स्थान द्यायचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे आणि तो सोडवण्याच्या रीतीही बऱ्याच अंशी सारख्या आहेत. त्या रीती एकेक करून पाहता येतात. येथे त्या बिराजदारांना लावून पाहिल्या आहेत.

१. गडी कुठला

बिराजदार निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात लातूर जिल्हा अस्तित्वातच नव्हता. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका होता आणि स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. बिराजदार घडले कोल्हापूरच्या तालमीत. १९६९ साली लातूरला भरलेल्या अधिवेशनात त्यांनी महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. दुसऱ्याच वर्षी, १९७० मध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतले. पुढे ते रुस्तम-ए-हिंद झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवले आणि मराठवाड्यातल्या पारावर आजही सर्वांत जास्त बोलले जाते ते याच कुस्तीबद्दल. आखाड्यातून बाहेर पडल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. तिथे सगळे त्यांना ‘मामा’ म्हणत. केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना मिळाला. २०११ मध्ये ते वारले.

निलंग्याच्या पोराला कोल्हापूर का गाठावे लागले, हेही क्रमवारी लावताना ध्यानात घ्यावे लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवान पोसले, तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गावोगावी तालमी होत्या, जत्रेत कुस्त्या होत्या. पण खुराकाचा खर्च उचलणारा आणि बाहेरच्या नामवंतांशी जोड लावून देणारा राजाश्रय नांदेड-लातूरच्या पट्ट्याला कोल्हापूरसारखा लाभला नाही. दोन पैलवान एकाच उंचीवर पोहोचले असतील, तर खालून जास्त चढून आलेल्याचे कौतुक अधिक करावे, हे योग्यच. पण कौतुक आणि क्रमांक यांची गल्लत करू नये. क्रमवारी आखाड्यात काय केले याची असते.

२. पंचांची क्रमवारी

गावच्या जत्रेत क्रमवारी लावणारे लोक फार पूर्वीपासून आहेत. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या किंवा लातूरच्या सिद्धेश्वराची. मैदानाची रीत बहुतेक ठिकाणी एकच असते. आरंभी बारक्या पोरांच्या नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग शंभराची, पाचशेची, हजाराची अशी इनामाची रक्कम चढत जाते आणि हलगी टिपेला पोचते तेव्हा शेवटची कुस्ती लागते. लंगोट लावून उभ्या राहिलेल्या गड्यांना पंच हात धरून आखाड्यात फिरवतात. समोरचा तोडीस तोड आहे का, हे प्रेक्षकांना दिसावे म्हणून. कोणी ओरडतो, ‘जोड बसत नाही,’ आणि जोड मोडते.

यात एक पक्के तत्त्व आहे. पैलवानाची किंमत त्याच्यासमोर कोण उभा केला यावरून ठरते. इनामाची रक्कम म्हणजे त्या दिवशीचा बाजारभाव. शेवटच्या कुस्तीचा मान ज्याला वर्षानुवर्षे मिळाला, तो त्या पंचक्रोशीतला पहिला. ही पद्धत एका काळापुरती आणि एका मुलखापुरती उत्तम चालते. अडचण येते ती १९३० चा गडी आणि १९७० चा गडी यांची जोड लावताना. दोघांना हात धरून फिरवायला कोणताच पंच सापडत नाही.

३. किताब मोजण्यातला धोका

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गदा मोजणे. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. त्यानंतर दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोनदा बाजी मारली. नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ सलग तीनदा, विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ सलग तीनदा. बिराजदारांच्या नावावर हा किताब एकदाच आहे. नुसत्या मोजणीने ते यादीत बरेच खाली जातात.

पण जुन्या काळी महाराष्ट्र केसरी हा अनेक पैलवानांसाठी जिना होता. तो चढला की पुढे हिंदकेसरी, रुस्तम-ए-हिंद, भारत केसरी, आणि त्याहून मोठ्या इनामाच्या ठरावीक कुस्त्या. एकदा किताब मिळवलेला मल्ल पुन्हा त्यासाठी उतरलाच पाहिजे असे नव्हते. आता गदेसोबत सरकारी नोकरीची आशा आणि मोठे बक्षीस येते. टीव्हीवर चेहराही दिसतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा उतरण्यात अर्थ असतो. तेव्हा १९६९ ची एक गदा आणि २०१५ ची एक गदा एकाच तराजूत टाकता येत नाहीत.

दुसरी अडचण किताबांच्या गर्दीची. देशातला पहिला पैलवान दाखवणारी नावे चार-पाच, प्रत्येकाची संघटना निराळी, आणि एकाच वर्षी दोन ‘पहिले’. मुष्टियुद्धातही आज चार जागतिक संघटना चार पट्टे देतात आणि एकाच वजनात एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात. किताबाचे नाव भारदस्त आहे म्हणून त्यावर विसंबता येत नाही. त्या वर्षी कोण कोण उतरले होते ते पाहावे लागते.

याचा एक बोलका नमुना १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मिळतो. तिथे आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले, माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. दोघे मराठी आणि दोघे वजनदार गटातले. एकाच स्पर्धेत या दोघांनी मिळून चार पदके आणली. अशी कामगिरी महाराष्ट्राच्या वाट्याला पुन्हा क्वचितच आली असेल. पण त्या वर्षी इराण आशियाई स्पर्धेत नव्हता, आणि आशियातल्या वजनदार कुस्तीत इराण नसणे ही लहान बाब नव्हे. एडिंबरोच्या राष्ट्रकुलातही इराण, तुर्कस्तान, सोव्हिएत संघ यांपैकी कोणी असण्याचा प्रश्न नव्हता, कारण ते राष्ट्रकुलाचे सदस्यच नव्हते. मात्र पाकिस्तान होता, आणि त्या काळचा पाकिस्तानी कुस्ती संघ तगडा होता. म्हणजे जकार्ताचे सोने आणि एडिंबरोचे सोने यांत नावावरून वाटते तेवढे अंतर उरत नाही. जकार्ताचे पारडे थोडे जड राहते ते जपानमुळे आणि एकाच स्पर्धेत दोन प्रकारांत पदके आल्यामुळे.

४. कोणाला पाडले, आणि कधी

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा ढीग किती पोत्यांचा आहे यावर भाव ठरत नाही. खरेदीदार मूठभर दाणे हातात घेतो, ओलावा तपासतो, काडीकचरा पाहतो. पैलवानाच्या विजयांचेही तसेच तपासावे लागते. शंभर कुस्त्या जिंकल्या, त्यांतल्या पन्नास कोणाशी झाल्या?

मुष्टियुद्धात याची दोन टोके दिसतात. जो लुई १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षे वजनदार गटाचा जगज्जेता होता आणि त्याने २५ वेळा किताब राखला. तरीही त्यातले कित्येक प्रतिस्पर्धी दुय्यम होते, असा आक्षेप त्याच्यावर आयुष्यभर राहिला. याउलट अली १९७० च्या दशकात जो फ्रेझियर, जॉर्ज फोरमन, केन नॉर्टन अशा एकापेक्षा एक गड्यांच्या काळात लढला. त्याचे काही पराभवही झाले. पण त्या पराभवांसह बहुतेक जाणकार त्याला लुईच्या बरोबरीने किंवा वर ठेवतात. युक्रेनचा व्लादिमिर क्लिच्को २००४ नंतर अकरा वर्षे हरला नाही. तरी तो या वादात क्वचितच पहिल्या पाचांत येतो, कारण त्याच्या काळात समोर उभे राहणारे कमी होते. एकट्याचे राज्य जितके सोपे दिसते, तितकी त्याची किंमत घटते. हे काहीसे अन्यायाचे आहे, कारण समोर कोण जन्माला यावे हे त्याच्या हातात नसते.

‘कोणाला’ इतकाच ‘कधी’ महत्त्वाचा. मार्सियानोने १९५१ मध्ये जो लुईला हरवले तेव्हा लुई सदतीस वर्षांचा आणि थकलेला होता. लॅरी होम्सने १९८० मध्ये अलीला हरवले तेव्हा अली नुसता आपली सावली उरला होता. दोन्ही विजय कागदावर मोठे, प्रत्यक्षात हलके.

बिराजदार-सत्पाल कुस्ती या कसोटीवर ठेवली तर काय दिसते? सत्पाल बिराजदारांपेक्षा पाच वर्षांनी लहान. १९७४ मध्येच त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला होता, म्हणजे तो कोवळा राहिला नव्हता. पण त्याचे सर्वोच्च यश, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतले १०० किलो गटातले सुवर्ण, अजून पुढे होते. तेव्हा हरवला तो चढत्या पायरीवरचा सत्पाल. लुईसारखा उतरणीला लागलेला नव्हे आणि १९८२ चा भरात असलेलाही नव्हे. या विजयाची पूर्ण किंमत द्यावी, पण ‘आशियाई विजेत्याला पाडले’ असे जे सांगितले जाते, त्यातला आशियाई विजेता नंतरचा आहे.

त्याच काळात युवराज पाटील यांनीही खासबागेत सत्पालला अस्मान दाखवले होते. कोल्हापूरकर याची आठवण लगेच करून देतात, आणि ते बरोबरच आहे. एकच मोठा प्रतिस्पर्धी दोघांनी पाडला असेल तर त्या एका विजयावरून एकाला दुसऱ्याच्या वर ठेवता येत नाही.

५. बंद आखाडे

आता थोडे गणित. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी गुणांकनाची एक पद्धत बसवली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. नंतर ती फुटबॉलपासून मुष्टियुद्धापर्यंत सगळीकडे पसरली. तिचे मर्म सोपे आहे. सामन्याआधी दोघांच्या गुणांवरून निकालाचा अंदाज बांधायचा. प्रत्यक्ष निकाल अंदाजापेक्षा जितका वेगळा, तितके गुण एकाचे काढून दुसऱ्याला द्यायचे.

समजा, एका पैलवानाचे १६०० गुण आहेत आणि प्रत्येक कुस्तीत ३२ गुण पणाला लागतात. समोरचाही १६०० चा असेल तर जिंकल्यावर १६ गुण मिळतात. समोरचा १२०० चा असेल तर जिंकूनही जेमतेम ३ मिळतात; हरला तर मात्र २९ जातात. अशा पाच सोप्या कुस्त्या ओळीने जिंकल्या तरी पदरात १४ च्या आसपासच पडतात. म्हणजे तोडीस तोड गड्याशी मिळवलेला एक विजय पाच सोप्या विजयांहून भारी. जोड लावणारे पंच जे डोळ्यांनी करत होते, तेच एलोंनी आकड्यांत मांडले.

या पद्धतीतली खरी मेख वेगळीच आहे. कोल्हापूर-सांगलीचे पैलवान आपापसांत लढले आणि दिल्ली-पंजाबचे आपापसांत, तर दोन्हीकडे गुण वाढत-घटत राहतात, पण दोन्ही हिशेब एकमेकांना भिडत नाहीत. कोल्हापूरचा १८०० आणि दिल्लीचा १८०० यांत कोण सरस, हे कळायला मार्ग नाही. दोन बंद आखाडे जोडणारी एखादी कुस्ती झाली की मगच सगळा हिशेब हलतो. एकच कुस्ती, पण तिच्यामुळे दोन्हीकडच्या शेकडो निकालांना अर्थ येतो.

कुस्तीच्या इतिहासात म्हणून काही लढती इतक्या आठवणीत राहिल्या आहेत. १९५९ मध्ये दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंता सिंगला हरवून हिंदकेसरी किताब घेतला, तेव्हा दक्षिणेचा आखाडा उत्तरेच्या आखाड्याला जोडला गेला. सत्पालवरचे युवराज पाटील आणि बिराजदार यांचे विजय त्याच जातीचे. मराठवाड्याच्या बाजूने पाहिले तर बिराजदारांच्या कुस्तीने आणखी एक सांधा जुळवला. त्याआधी मराठवाड्यातला गडी खासबागेत किती टिकेल यावरच चर्चा थांबत असे. आता तो दिल्लीच्या पहिल्या गड्याच्या पंगतीला कुठे बसतो हेही मोजता आले.

६. माती आणि गादी

मातीच्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल. गुण नाहीत, घड्याळाची घाई नाही, आणि कोणीच कोणाला पाडू शकला नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. गादीवर वेळ ठरलेली असते. १९७० च्या सुमारास तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत, आता दोनच असतात. गादीवर चितपट न करताही गुणांवर जिंकता येते.

दोन्हींचे परिणाम निराळे होतात. मातीत पाय रुततो, म्हणून पटात शिरणारा संथ होतो आणि ताकद, दम, पकड यांना महत्त्व येते. गादीवर पाय सुटतो, वेग वाढतो, आणि एका गुणाची आघाडी घेऊन शेवटचे मिनिट रेटणाराही जिंकतो. ढाक किंवा कलाजंगसारखा डाव मातीत धाडसाने टाकता येतो. गादीवर तो फसला तर उलट गुण जातात म्हणून हात आवरला जातो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गामाचे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गादीवर गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को अडीच तासांहून अधिक वेळ झुंजले. झ्बिश्को बहुतांश वेळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती निकाली झालीच नाही. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, तेव्हा तो आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळाला मातीत दोघे पुन्हा भेटले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली आणि झ्बिश्कोची पाठ मातीला लागली. गडी तेच, पण पृष्ठभाग आणि नियम बदलले आणि निकाल ओळखू येईनासा झाला.

बिराजदारांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे, आणि लातूरकडचे लोक सत्पालच्या नादात तो विसरतात. देशी तालमीत तयार झालेला विशीच्या उंबरठ्यावरचा गडी वर्षभराच्या अंतराने राज्याचा किताबही आणतो आणि परदेशात गादीवर सोनेही. त्या पिढीतल्या कित्येक नामांकित पैलवानांना गादी मानवली नाही. मातीत ज्यांच्यासमोर उभे राहायला माणूस मिळत नसे, ते गुणांच्या हिशेबात गडबडले. दोन्हीकडे जिंकलेला माणूस दोन वेगळ्या परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो, म्हणून त्याचे गुण जास्त धरावेत. आंदळकर, माने, चौगुले यांनाही हाच न्याय लागतो. चौगुले १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुलात रौप्यपदक घेऊन आले होते.

आजची महाराष्ट्र केसरी स्पर्धा माती आणि गादी अशा दोन विभागांत होते आणि दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत भिडतात. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत लातूरचा शैलेश शेळके मातीतून आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर गादीतून अंतिम फेरीत आला. लढत ३-२ अशी सदगीरच्या बाजूने संपली. जिंकल्यावर सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. दोघे एकाच वस्तादाचे पठ्ठे होते.

७. वजनाचा प्रश्न

पारावरच्या वादात ‘मोठा पैलवान’ म्हणजे अंगाने मोठा, हे गृहीत असते. खुल्या गटाची गदा ज्याच्या खांद्यावर तो पहिला. वजनदार गटाला वरची मर्यादाही फार उशिरा आली. जागतिक स्पर्धांत १९८५ पर्यंत सर्वांत वरच्या गटात कितीही वजनाचा गडी उतरू शकत असे. त्यामुळे आकाराचे आकर्षण सगळीकडेच होते.

पण भारताला कुस्तीतले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते ५७ किलोच्या खाशाबा जाधवांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला. खुल्या गटात त्यांना कोणी उभेही केले नसते. मुष्टियुद्धात यावर तोड म्हणून एक कल्पना निघाली. सगळ्यांचे वजन सारखे आहे असे मानायचे आणि मग कौशल्याने, वेगाने, डावपेचाने कोण सरस ते पाहायचे. शुगर रे रॉबिन्सनसारख्या हलक्या वजनाच्या खेळाडूला जो लुईच्या वर ठेवणारे लोक हीच कल्पना वापरतात.

ही कल्पना लातूरला लावली की घरातच भांडण लागते. काका पवार लातूर जिल्ह्याचेच. ते हलक्या वजनाचे, आणि ग्रीको-रोमन प्रकारातले, म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही असा प्रकार. गावच्या जत्रेत या प्रकाराला प्रेक्षकच नाही. त्यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. वजन बाजूला ठेवले तर जिल्ह्यातला सर्वांत तांत्रिक पैलवान म्हणून त्यांचे नाव घेणारे लोक चुकत नाहीत.

उलट बाजूचाही एक मुद्दा आहे. नरसिंग यादव २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात ७४ किलोत सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे वजन म्हणजे सर्वस्व, असा अनुभव खुल्या गटातही येत नाही. तरीही वजनदार गट आणि हलका गट यांची एकच यादी करू नये. तिथे मोजायचे ते गुणच निराळे आहेत.

८. वस्तादाच्या खात्यावर काय

मुष्टियुद्धाच्या याद्यांत एक गोष्ट जवळपास कधीच मोजली जात नाही: त्या माणसाने पुढे कोणाला घडवले. कुस्तीत तसे करता येत नाही. इथे पैलवान म्हातारा झाला की वस्ताद होतो, आणि तालमीच्या हौद्यात त्याचे निम्मे आयुष्य जाते.

बिराजदारांचे खाते इथे फुगते. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहानपणीच त्यांच्याकडे आला. बिराजदार गेल्यावर तो काका पवारांकडे गेला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलात त्याने ५७ किलोत सुवर्ण घेतले, आणि २०१९ मध्ये कझाकस्तानातल्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. काका पवार स्वतः बिराजदारांच्याच परंपरेतले. आणि बालेवाडीच्या अंतिम लढतीतले दोघे, सदगीर आणि शेळके, काका पवारांचे. निलंग्याहून कोल्हापूर, कोल्हापूरहून पुणे, आणि तिथून पुन्हा बीड-लातूरच्या पोरांपर्यंत, अशी ही साखळी आहे.

हे सगळे गुण पैलवानाच्या क्रमवारीत धरायचे का? धरले तर आंदळकरांच्या खात्यावर मोतीबाग तालमीतली एक पिढी जमा करावी लागेल आणि सत्पालच्या खात्यावर सुशीलकुमारची दोन ऑलिंपिक पदके. मग सत्पाल सगळ्यांच्या पुढे निघून जाईल, आणि ज्या कुस्तीत तो हरला तिचा काही उपयोगच उरणार नाही. म्हणून वस्तादाची यादी वेगळी करावी आणि पैलवानाची वेगळी. आखाड्यात उतरल्यावर पाठीशी शिष्य उभे नसतात.

९. नंबर

इतक्या कसोट्या लावल्यावर एकच आकडा काढणे अवघड असते. पण टाळाटाळ करून सुटका नाही, कारण प्रश्न सरळ विचारलेला आहे.

ऑलिंपिकच्या हिशेबात खाशाबा पहिले, आणि त्यांच्या जवळपास महाराष्ट्रातला दुसरा कोणी नाही. बिराजदारांच्या नावावर ऑलिंपिक पदक नाही. त्यामुळे या यादीत त्यांना वर ओढण्यात अर्थ नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या वजनदार पैलवानांत आंदळकर वर राहतात. हिंदकेसरी किताब, आशियाई स्पर्धेतली दोन पदके, अर्जुन पुरस्कार, आणि दोन्ही प्रकारांत हातखंडा, असे चारही दुसऱ्या कोणाकडे एकत्र नाही. त्यांच्या पाठोपाठ मारुती माने. त्यानंतरच्या जागेवर बिराजदार, युवराज पाटील आणि दादू चौगुले अशी तिघांची रेटारेटी आहे. राष्ट्रकुल सुवर्णाच्या बळावर बिराजदारांना त्यात पुढे ठेवता येते. चौगुलेंचे दोन महाराष्ट्र केसरी किताब आणि राष्ट्रकुल रौप्य, तसेच युवराज पाटलांचा सत्पालवरचा विजय समोर असताना ही आघाडी हातभर नसून बोटभर आहे. तिसरा ते पाचवा, आणि त्यातही तिसऱ्याकडे झुकलेला, असे त्यांचे स्थान धरावे. कोल्हापूरकराने पाचवा म्हटले तर भांडायला जागा आहे. लातूरकराने पहिला म्हटले तर नाही.

मराठवाड्यापुरती यादी केली तर वजनदार गटात बिराजदारांच्या आधी दुसरे नाव येत नाही. १९६९ पूर्वी या भागातला कोणी महाराष्ट्र केसरी झाला नव्हता आणि राष्ट्रकुलाचे सोनेही इथे आले नव्हते. वजनाचा विचार सोडून एकच यादी केलीच तर काका पवार आणि राहुल आवारे ही दोन नावे त्यांच्या शेजारी येतात. आवारेचे जागतिक कांस्य ज्याच्या जमेला धरायचे, त्याच्याकडे पारडे झुकते. बिराजदारांच्या धरले तर ते वस्ताद म्हणून राज्यात पहिल्या दोघांत जातात; आवारेच्याच धरले, आणि तसेच धरणे रास्त आहे, तर सर्व वजनांच्या यादीत पाटोद्याचा हा ६१ किलोचा गडी रामलिंग मुदगडच्या पैलवानाच्या एक पायरी वर बसतो.